एका रात्रीच्या बारची जबाबदारी कुणाची?

डिसेंबर लागला की ठाणे-नवी मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी येते. थर्टी फर्स्टची पार्टी गच्चीवर असो, लॉनवर असो, फार्महाऊसवर असो की सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये. दारू ठेवणार असाल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एका दिवसाचा परवाना घ्या, नाहीतर गुन्हा दाखल होईल. भरारी पथकं नेमल्याचा उल्लेख असतोच. ही बातमी वाचून जे धास्तावतात ते बहुधा परवाना घेणारेच असतात. बाकीचे पान उलटतात. इशारा आपल्यासाठी नाही हे त्यांनी गृहीत धरलेलं असतं, आणि आजवरचा अनुभव त्यांच्याच बाजूने आहे.

या परवान्याला माझा विरोध नाही. तो घेतला जावा असंच मला वाटतं. तक्रार वेगळी आहे. एका रात्रीपुरता उभा राहिलेला बार सकाळी मोडला जातो, आणि रात्री काही वेडंवाकडं घडलं असेल तर त्याची जबाबदारीही मांडवाच्या बांबूंबरोबर टेम्पोत चढून निघून जाते. कायमच्या परमिट रूमवाल्याला गमावण्यासारखं काहीतरी असतं. परवाना निलंबित होऊ शकतो, शटरला सील लागू शकतं, लाखो रुपयांची गुंतवणूक अडकू शकते. म्हणून तो निदान वरवर तरी नियम पाळतो. एका रात्रीच्या बारला गमावण्यासारखं काहीच नसतं. आपली परवान्याची पद्धत शुल्क घेते, दारू कुठून आणली ते विचारते आणि कागद देते. दारू पाजण्याची जबाबदारी कुणाच्या गळ्यात बांधायची, हे तिने अजून नीट ठरवलेलं नाही.

मुळात हा सगळा कारभार चालतो तो १९४९ च्या कायद्यावर. तेव्हा तो मुंबई दारूबंदी कायदा होता, आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा आहे. मोरारजी देसाई गृहमंत्री असतानाच्या, संपूर्ण दारूबंदीचं ध्येय ठेवणाऱ्या सरकारने तो केला. त्यामुळे त्याची बैठकच अशी की दारू पिणं, बाळगणं, विकणं हे सगळं मनाई; ज्याला सूट हवी त्याने परवाना दाखवावा. पुढे दारूबंदी सैल झाली, दुकानं आली, परमिट रूम आल्या, सरकारला त्यातून भरघोस महसूल मिळू लागला, पण कायद्याची बैठक तीच राहिली. आजही महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी प्रत्येक माणसाकडे वैयक्तिक परवाना असावा लागतो. एका दिवसाचा विदेशी मद्याचा परवाना पाच रुपयांना, देशीचा दोन रुपयांना. वर्षाचा शंभर, आयुष्यभराचा हजार रुपयांना. बीअरसारख्या सौम्य मद्यासाठी वय २१, बाकीच्या मद्यासाठी २५. म्हणजे आपल्याकडे मुलगा एकविसाव्या वर्षी बोहल्यावर चढू शकतो, पण स्वतःच्या हळदीत व्हिस्कीचा पेला कायदेशीरपणे उचलायला त्याला आणखी चार वर्षं थांबावं लागतं. वाचकांपैकी किती जणांनी आयुष्यात एकदा तरी हा पाच रुपयांचा परवाना हातात धरून पाहिला आहे?

या पायावर कार्यक्रमांसाठीचा तात्पुरता परवाना उभा आहे. खात्याच्या भाषेत तो एफएल-४ए. क्लबांना जो एफएल-४ परवाना मिळतो त्याचं हे तात्पुरतं रूप. अर्ज ऑनलाइन करता येतो, शुल्क हजारांच्या घरात जातं, दारू परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावी लागते आणि तिची बिलं जवळ ठेवावी लागतात. कार्यक्रम ठाणे शहरात, नेरुळमध्ये किंवा वाशीत असेल तर प्रकरण ठाणे जिल्ह्याच्या अधीक्षकांकडे. खारघर, कामोठे, पनवेलमध्ये असेल तर रायगडकडे, ज्याचं मुख्यालय अलिबाग. गंमत अशी की पोलिसांच्या दृष्टीने नेरुळ आणि खारघर दोन्ही एकाच नवी मुंबई आयुक्तालयात येतात, महापालिका मात्र दोन वेगवेगळ्या. बेलापूरची टेकडी ओलांडली की उत्पादन शुल्काचा जिल्हा बदलतो, पोलीस आयुक्त तोच राहतो आणि मांडवाची व अग्निशमनाची परवानगी देणारी पालिका पुन्हा वेगळी. एका संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी हे सगळे कागद आपापल्या टेबलांवरून फिरतात. ते एकमेकांना भेटतात की नाही, याची खात्री ना आयोजकाला देता येते, ना शेजाऱ्याला.

आता हा परवाना खरोखर कोण घेतं ते बघू.

सगळ्यात वर मोठे आयोजक. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ मध्ये जस्टिन बीबर आला, २०१९ मध्ये यूटू, जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. अशा आकाराचं काम करणाऱ्या कंपन्यांकडे परवानग्यांसाठी स्वतंत्र माणसं असतात. वकील असतात, ओळखी असतात, आणि कुठल्या खिडकीवर कुठला कागद लागतो याची पाठ झालेली यादी असते. त्यांच्यासाठी परवाना हा खर्चाच्या तक्त्यातला एक आकडा. जाता जाता एक आठवण: नेरुळनंतर चारच दिवसांनी त्याच कोल्डप्लेने अहमदाबादला दोन कार्यक्रम केले, दारूबंदी असलेल्या गुजरातमध्ये, आणि तिथलं त्याहून कितीतरी मोठं स्टेडियम भरलं. दारूशिवाय मोठा कार्यक्रम चालतच नाही असं जे आयोजक सांगतात, त्यांचं म्हणणं त्यामुळे मी फार मनावर घेत नाही.

त्याखाली मधले. घोडबंदर रोडवरच्या टॉवरांची क्लबहाऊस, वाशी-नेरुळच्या समाजसंस्थांची सभागृहं, कंपन्यांच्या वार्षिक पार्ट्या. इथे कुणीतरी एक पापभीरू सेक्रेटरी असतो. तो नियम वाचतो, पोर्टलवर अर्ज भरायला बसतो, आणि पन्नास माणसांच्या रौप्यमहोत्सवी लग्नवाढदिवसासाठी भरावी लागणारी रक्कम, कागद आणि फेऱ्या बघून यजमानांना हळूच सुचवतो की बाटल्या वर फ्लॅटमध्येच ठेवा, ज्याला हवं तो वर जाऊन येईल. ही पळवाट ठाण्याच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत विचारा, हसून मान डोलावतील. कायद्याच्या दृष्टीने ती पळवाटही नाही, कारण वरच्या फ्लॅटमधल्या प्रत्येकाकडेही पिण्याचा परवाना असायला हवा. पण निदान पाटी लागत नाही आणि कुणी विचारत नाही.

आणि मग हळद. ठाणे, कळवा, दिवा, घणसोली, कोपरखैरणे, करावे, दिवाळे या सगळ्या पट्ट्यात आगरी-कोळी घरांतली हळदीची रात्र हा लग्नाइतकाच, काही घरांत लग्नाहून मोठा सोहळा असतो. धवलारीण गाणी म्हणते, बँजो वाजतो, मटणाचे टोप चढतात आणि मांडवामागे खोके उघडतात. दारूशिवाय हळद करायची अशी चळवळ समाजातल्याच लोकांनी वर्षानुवर्षं चालवली आहे, काही घरांनी ते करूनही दाखवलं आहे, आणि हळदीच्या खर्चाने कर्जात बुडालेली कुटुंबं या भागात सगळ्यांना माहीत आहेत. त्या चळवळीबद्दल मला आदर आहे. पण प्रश्न परवान्याचा आहे, आणि एफएल-४ए काढून झालेली हळद माझ्या तरी बघण्यात नाही. गावठाणातल्या गल्लीत घातलेल्या मांडवाला पालिकेची परवानगी निघते, लाऊडस्पीकरला पोलिसांची निघते, मधल्या दारूला मात्र सगळे डोळेझाक करतात. पालिकेला ती दिसत नाही, पोलिसांना वाद नको असतो, नगरसेवक स्वतः पाहुणा असतो. जे सगळ्यांना माहीत आहे ते कुठल्याच कागदावर नाही.

म्हणून कुणी म्हणेल की हळदीवर धाडी घाला. मला तो मार्ग अन्यायाचा वाटतो, आणि निरुपयोगीही. शंभर मांडवांपैकी दोन-चारांवर धाड पडेल; ते दोन-चार कोणते असतील हे कुणाशी भांडण आहे आणि कुणाचा फोन लागतो यावर ठरेल. जो कायदा सगळेच मोडतात तो कायदा अधिकाऱ्याच्या हातातलं हत्यार होतो. वापरायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर, आणि न वापरण्याची किंमत ठरवणंही त्याच्याच हातात.

पण डोळेझाकही निरुपद्रवी नाही. परवाना नसला की दारूचा हिशेब नसतो. महाराष्ट्रात मद्यावरचं शुल्क शेजारच्या गोवा-दमणपेक्षा कितीतरी जास्त आहे. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने ते आणखी वाढवलं, देशी बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. त्याच्या रागात जुलैमध्ये बारवाल्यांनी एक दिवस संपही केला. शुल्काचा फरक जितका मोठा तितका चोरट्या मालाला वाव मोठा, आणि हा माल बिलं मागणाऱ्या ठिकाणी जात नाही. तो जिथे खोके मांडवामागे उघडतात तिथे जातो. बाटलीवर ‘केवळ गोव्यात विक्रीसाठी’ छापलेलं असेल तर ती निदान खरी तरी असते. जुन्या ब्रँडच्या बाटलीत काय भरलं आहे, ते कुणी तपासलेलं नसतं. खाडीकाठच्या तिवरांत, दिव्याच्या बाजूला, हातभट्ट्या उद्ध्वस्त केल्याच्या बातम्या आजही येतात. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं मेली. मालवणी इथून लांब नाही.

येऊरबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण या प्रश्नाचं सगळ्यात बोचरं टोक तिथे आहे. ठाण्याला खेटून असलेली ही टेकडी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत. उद्यानाभोवतीचा पर्यावरण-संवेदनशील पट्टा २०१६ मध्ये अधिसूचित झाला. तिथे आदिवासी पाडे आहेत, बिबट्याचा वावर आहे, हवाई दलाचं ठाणं आहे. आणि त्यांच्या मधोमध बंगले, लॉन, हॉटेलं, टर्फ. शनिवारी रात्री खालच्या उपवन तलावापर्यंत डीजेचा ठोका ऐकू येतो. रहिवाशांनी तक्रारी केल्या, कोर्टबाजी झाली, दर थर्टी फर्स्टला येऊरच्या फाटकावर बंदोबस्त लागतो आणि एक जानेवारीला सगळे हुश्श करतात. आणि दोन जानेवारीपासून? एखादा बंगला वर्षात किती वेळा ‘खासगी पार्टी’साठी दिला गेला याची नोंद कुणाकडे असेल? प्रत्येक पार्टी वेगळ्या माणसाची, वेगळ्या तारखेची, म्हणून प्रत्येक वेळी नवी. बंगला मात्र तोच. वर्षात चाळीस शनिवार जिथे दारू वाहते तो बार आहे, मग दर शनिवारी यजमानाचं नाव बदलत असलं तरी. तात्पुरतेपणाच्या आडून कायमचा धंदा चालतो, आणि कायमच्या धंद्याला लागू होणारा एकही नियम त्याला चिकटत नाही.

इंग्लंड-वेल्समध्ये याच प्रश्नावर २००३ च्या लायसन्सिंग कायद्याने एक पद्धत आणली. तिचं आंधळं अनुकरण करा असं मी म्हणणार नाही. तिथली पबसंस्कृती वेगळी आणि तिथले दारुडेही वेगळे. पण तिची रचना बघण्यासारखी आहे. पाचशेपेक्षा कमी माणसांचा तात्पुरता कार्यक्रम असेल तर तिथे परवाना मागायचा नसतो, स्थानिक कौन्सिलला सूचना द्यायची असते. किमान दहा कामकाजाचे दिवस आधी, २१ पौंड भरून. सूचनेची प्रत पोलिसांना आणि कौन्सिलच्या पर्यावरण-आरोग्य विभागाला जाते. त्यांनी ठरावीक मुदतीत हरकत घेतली नाही तर कार्यक्रम कायदेशीर. हरकत घेतली तर सुनावणी. इथपर्यंत सगळं सोपं आणि स्वस्त. पण पुढची कलमं कडक आहेत. सूचना कंपनीच्या नावाने चालत नाही. अठरा वर्षांवरच्या एका जित्याजागत्या माणसाच्या नावाने द्यावी लागते, आणि काही बिघडलं तर पोलीस त्याच माणसाकडे येतात. साध्या माणसाला वर्षात पाचच सूचना देता येतात. दारूविक्रीचा वैयक्तिक परवाना ज्याने प्रशिक्षण घेऊन मिळवला आहे त्याला पन्नास. आणि एका जागेवर वर्षात किती वेळा अशी सूचना देता येईल यालाही मर्यादा. मर्यादा संपली की जागेच्या मालकाने कायमचा परवाना काढावा किंवा दारू बंद करावी.

येऊरच्या बंगल्यांना नेमकं हेच कलम नाही.

आपल्याकडे ही चर्चा निघाली की दोन बाजू लगेच दोन टोकांना जाऊन बसतात. एक म्हणते, परवाने सोपे करणं म्हणजे दारूला प्रोत्साहन. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा असं मार्गदर्शक तत्त्व आहे, आणि सरकार उलट्या दिशेने चाललं आहे. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा हाच सूर उमटला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय कागदावरच राहिला. हा सूर मी हसण्यावारी नेत नाही. दारूने घर उद्ध्वस्त झालेली बाई नवी मुंबईच्या कुठल्याही गावठाणात आणि ठाण्याच्या कुठल्याही झोपडपट्टीत भेटेल. पण बंदीचा अनुभवही आपल्याकडे आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला सरकारनेच ती उठवली, कारण अवैध दारू आणि त्यामागची गुन्हेगारी वाढल्याचं सरकारचंच म्हणणं होतं. शिवाय परवाना अवघड ठेवल्याने हळदीतला एकही खोका कमी झालेला नाही. अवघड परवान्याने दारू थांबत नाही, फक्त नोंद थांबते.

दुसरी बाजू हॉटेल आणि इव्हेंटवाल्यांची. त्यांना एक खिडकी हवी, चोवीस तासांत परवानगी हवी, शुल्क कमी हवं. व्यवसायसुलभता हा त्यांचा आवडता शब्द. त्यांच्या मागण्यांत जबाबदारीचा उल्लेख शोधावा लागतो. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये अल्पवयीन मुलाने चालवलेल्या पोर्शेखाली दोन तरुण अभियंते मेले. त्या मुलाला दारू कुठे मिळाली याचा तपास झाला तेव्हा बारचं नाव होतं, पत्ता होता, मालक आणि व्यवस्थापक सापडले, अटक झाली. हाच मुलगा एखाद्या लॉनवरच्या एका रात्रीच्या बारमधून निघाला असता तर? दुसऱ्या दिवशी तिथे सोफे उचलले जात असते. वेटर रोजंदारीचे, बारटेंडर तिसऱ्याच एजन्सीचा, लॉनमालक म्हणणार मी फक्त जागा दिली, आयोजक म्हणणार पाहुण्यांनी आपली आणली.

या दोन्ही बाजूंच्या भांडणात शेजारी कुठेच नसतो, आणि माझ्या मते मुख्य वाटेकरी तोच. कायमच्या दुकानाबाबत आपल्या कायद्याने शेजाऱ्याला, विशेषतः बायकांना, थोडी ताकद दिली आहे. २००८ च्या आदेशाप्रमाणे प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान घ्यावं लागतं. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतं. मार्च २०२५ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत जाहीर केलं की सोसायटीच्या गाळ्यात नवं बीअर किंवा दारूचं दुकान उघडायचं असेल तर त्या सोसायटीचं ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. खारघरच्या रहिवाशांनी तर आपला सगळा परिसरच दारूमुक्त ठेवावा म्हणून वर्षानुवर्षं आंदोलन केलं. पण समजा तिथल्याच एखाद्या मैदानावर दोन दिवसांचा फूड फेस्टिव्हल आला आणि त्यात बीअरचे स्टॉल लागले. आडव्या बाटलीचं मतदान कुणाविरुद्ध घेणार? सह्या गोळा होईपर्यंत फेस्टिव्हल पुण्याला पोचलेला असतो. ज्या बाईला नाक्यावरचं दुकान बंद करण्याचा हक्क आहे, तिला खिडकीसमोरच्या मैदानात उद्या बार उभा राहणार हे आज कळण्याचाही हक्क नाही. तिला ते कळतं ते आवाजावरून.

म्हणून माझं म्हणणं असं की लहान कार्यक्रमाला परवानगी स्वस्त आणि खात्रीची करा, आणि त्या बदल्यात तीन गोष्टी वसूल करा: माणूस, जागा आणि जाहीर सूचना.

लहान कार्यक्रम म्हणजे तिकीट नाही, विक्री नाही, यजमान आपल्या पाहुण्यांना पाजतो आहे, संख्या दीडशे-दोनशेच्या आत. याला परवाना नको, नोंदणी पुरे. शुल्क इतकं कमी असावं की चुकवण्याचा मोह होऊ नये. दोन-तीनशे रुपये, फार तर पाचशे. हळदीचा मांडव, क्लबहाऊसमधला वाढदिवस, निवृत्तीची पार्टी, सगळं यात येईल. दारूचं बिल ठेवावं लागेल, ते आजही ठेवावं लागतंच. फरक एवढाच की आज ज्या शेकडो मांडवांतून एक रुपया आणि एक बिल मिळत नाही, त्यातले काही तरी नोंदीत येतील. महसुलाची चिंता करणाऱ्या खात्याला हे गणित समजायला हरकत नाही. आणि ती पाच रुपयांच्या वैयक्तिक परवान्याची अट अशा कार्यक्रमांपुरती तरी काढून टाका. पाहुण्याचं वय तपासण्याची जबाबदारी यजमानावर टाका. त्याला कोण किती वर्षांचा हे परवान्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

तिकीट लावून, विक्री करून होणाऱ्या कार्यक्रमांसाठी मात्र उलट करा. शुल्क ठेवा, वाढवा, माझं काही म्हणणं नाही. अनामतही घ्या, जी कार्यक्रमानंतर आठवडाभरात तक्रार नसेल तर परत मिळेल. तक्रार कोणती, तर अल्पवयीनाला दारू दिली, वेळ पाळली नाही, बिलाबाहेरचा माल सापडला. अर्जावर कंपनीचं नाव चालणार नाही. एक माणूस हवा, जो त्या रात्री तिथे हजर असेल आणि ज्याचा फोन पोलीस ठाण्यात असेल. एकदा नियम मोडला तर त्या माणसाच्या नावाने काही काळ नवा परवाना नाही, मग त्याने कंपनी बदलली तरी.

जागेचंही तसंच. लॉन असो, बंगला असो की मैदान, वर्षात दहा-बारापेक्षा जास्त वेळा तिथे दारूची परवानगी नको. त्यापुढे कायमचा परवाना काढा आणि त्यासोबत येणारी सगळी बंधनं आणि शेजाऱ्यांचं मतदान झेला. लॉनमालकाने ‘मी फक्त जागा दिली’ म्हणायची सोय यातून संपते, कारण नियम मोडणाऱ्याने त्याच्या बारापैकी एक संधी खाल्लेली असते आणि कदाचित पुढच्या सहाही. मालक स्वतःच आयोजकाला निवडून घ्यायला लागेल. येऊरच्या संवेदनशील पट्ट्यात तर हा आकडा शून्य असावा. तिथे पाड्यांवरचे लोक आपल्या घरच्या सणाला काय करतात हा प्रश्न वेगळा, त्यात खात्याने नाक खुपसू नये. मी भाड्याने दिल्या जाणाऱ्या लॉन-बंगल्यांबद्दल बोलतो आहे.

जाहीर सूचना ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विरोध होणारी गोष्ट. मोठ्या कार्यक्रमाच्या दारू-परवान्याचा अर्ज किमान दहा दिवस आधी पालिकेच्या प्रभाग समितीत, पोलीस ठाण्यात आणि संकेतस्थळावर लागावा. ठिकाण, तारीख, वेळ, अंदाजे संख्या, जबाबदार माणसाचं नाव. शेजारच्या सोसायटीला हरकत घेता यावी. हरकत घेतली म्हणून परवानगी नाकारलीच पाहिजे असं नाही, पण लेखी उत्तर मिळालं पाहिजे. काही सोसायट्या प्रत्येक गोष्टीला हरकत घेतील हे मला माहीत आहे, मी अशाच एका सोसायटीत राहतो. तरीही आयोजकाने आवाजाची वेळ, गाड्यांची व्यवस्था, शौचालयं यांचं उत्तर आधीच तयार ठेवलेलं असेल तर निम्म्या हरकती तिथेच विरतात. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर नको हा नियम २००० सालापासून आहे; सरकार वर्षातले १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, रोज नाही. दारूच्या परवान्याची वेळ आणि लाऊडस्पीकरची वेळ एकाच सूचनेत छापली तर दोन खात्यांत ताळमेळ नाही हे आयोजकाचं कारण उरणार नाही.

एक आक्षेप राहतो आणि तो खरा आहे. हे सगळं तपासायला माणसं कुठे आहेत? उत्पादन शुल्क विभागाच्या एका निरीक्षकाकडे आधीच दुकानं, बार, हातभट्ट्या, नाकाबंदी असं सगळं असतं. थर्टी फर्स्टला तो एका रात्रीत किती गच्च्या चढणार? पण आजची पद्धत त्याच्याकडून हीच अपेक्षा करते. लहान कार्यक्रमांची नोंदणी आपोआप झाली तर त्याच्या टेबलावर फक्त तिकिटाचे कार्यक्रम उरतात, जे संख्येने थोडे आणि धोक्याने मोठे असतात. शिवाय जागेचा वार्षिक आकडा संगणकच मोजतो, त्याला भरारी पथक लागत नाही. आणि जाहीर सूचना लागली की शेजारीच तपासनीस होतो, बिनपगारी आणि भलताच चौकस.

ठाणे आणि रायगड, दोन जिल्ह्यांचे दोन अधीक्षक आणि नवी मुंबईचा एक पोलीस आयुक्त एवढे तिघे एका टेबलाशी बसले तर वाशीपासून खारघरपर्यंत हे एका वर्षासाठी करून बघता येईल. शुल्क आणि परवान्यांची रचना नियमांत आहे. नियम बदलायला राज्य सरकारला विधानसभेत नवा कायदा आणावा लागत नाही. लोकांनी नोंदणी केलीच नाही तर मी चुकलो असं समजावं आणि पुन्हा शुल्क चढवावं. माझा अंदाज मात्र असा की पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात जास्त ओरड हळदवाल्यांची होणार नाही. ती होईल लॉनमालकांची, ज्यांच्या वर्षाच्या बारा संधी लग्नसराईतच संपलेल्या असतील आणि ज्यांना मे महिन्यात कळेल की आता आपल्याला खराखुरा परवाना काढावा लागणार आहे.